भट्टीतून आलेली जाळी: हार्ड ॲनोडायझिंगच्या एका लॉटची गोष्ट

पार्श्वभूमी

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका ॲनोडायझिंग शॉपमध्ये मी प्रोसेस बघतो. आमचं सगळं काम जॉबवर्कचं. गिऱ्हाइकाचा ॲल्युमिनियमचा जॉब चलनावर येतो, ॲसिडच्या टँकमधून जातो आणि चलनावरच परत जातो. मधल्या वेळेत तो आमचा, आधी-नंतर कुणाचा ते विचारायची पद्धत नाही. पुढचं सगळं रामायण या एका सवयीतून झालं.

गिऱ्हाईक आमच्याच वसाहतीतलं, न्यूमॅटिक, म्हणजे दाबाच्या हवेवर चालणारे, व्हॉल्व्ह बनवणारं. त्याचं नाव, आमचं नाव, महिना-वर्ष, सगळं बाजूला ठेवतो. जॉब म्हणजे तळहातात मावेल अशी ६०६१-टी६ ची (ॲल्युमिनियमचा एक मिश्रधातू, टी६ म्हणजे उष्णता देऊन कडक केलेला) व्हॉल्व्ह बॉडी. आत आरपार बोअर, म्हणजे गोल भोक, त्यात स्पूल नावाचा दांडा पुढे-मागे सरकतो. बोअर झिजू नये म्हणून हार्ड ॲनोडायझिंग, फिल्म ४० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आम्ही हे काम दोन वर्षं करत होतो आणि एकही पीस परत आला नव्हता.

नवख्यांसाठी दोन ओळी. ॲनोडायझिंग म्हणजे वरून चढवलेला थर नव्हे. सल्फ्युरिक ॲसिडमध्ये जॉबला पॉझिटिव्ह जोडून करंट सोडला की ॲल्युमिनियमचा वरचा भाग स्वतःच ऑक्साइड होत जातो, तीच फिल्म. साध्या कामाला बाथ, म्हणजे टँकमधलं ॲसिड, २० अंशांच्या आसपास असतो. हार्ड कामाला चिलर लावून शून्य ते पाच अंशांत ठेवतात आणि करंट दुप्पट-तिप्पट देतात. फिल्म साधारण निम्मी धातूच्या आत जाते, निम्मी बाहेर येते. म्हणजे ४० मायक्रॉनच्या फिल्मसाठी २० मायक्रॉन धातू खर्ची पडलेला असतो. हा आकडा पुढे लागणार आहे.

तक्रार

पावसाळ्यानंतर गिऱ्हाइकाकडून अकरा बॉड्या परत आल्या. त्या गोव्याकडे, समुद्राला लागून असलेल्या बर्फाच्या कारखान्यांत बसवल्या होत्या. चोर्ला घाट उतरला की हवा बदलते हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. तिकडे मीठ असतं हवेत. बोअरमध्ये पांढरी पूड जमली होती, काही ठिकाणी खड्डे पडले होते, स्पूल अडकत होते. बाहेरच्या निळ्या रंगाला मात्र ओरखडासुद्धा नव्हता.

चिठ्ठीत एकच ओळ होती: ‘ॲनोडायझिंग खराब, डेबिट नोट पाठवत आहोत.’ म्हणजे नुकसान आमच्या बिलातून कापणार.

निळा रंग बघून मी थबकायला हवं होतं. आमच्याकडून बॉडी जाते ती काळपट राखाडी. हार्ड फिल्मचा तोच अंगचा रंग. मग निळा कुठून आला? हा प्रश्न मी त्या दिवशी विचारला नाही. थिकनेस गेज लावला, ४१ मायक्रॉन दाखवलं. बॉडीची हार्डनेस घेतली, टी६ ला शोभेल अशी होती. भिंगातून फिल्म सलग दिसली. मी मालकांना सांगितलं, “आपल्याकडून सगळं बरोबर आहे.” सगळं नव्हतं.

पहिला अंदाज, आणि तो कसा उलटला

गिऱ्हाइकाचे क्वालिटीवाले साहेब येऊन बसले आणि म्हणाले, “तुम्ही सीलिंग करत नाही, म्हणून खारी हवा आत शिरते. गरम पाण्याचं सीलिंग सुरू करा.”

बोलण्यात तथ्य होतं. ॲनोडाइज्ड फिल्ममध्ये उभी, सूक्ष्म छिद्रं असतात. ९६ ते १०० अंशांच्या शुद्ध पाण्यात जॉब बुडवला की ऑक्साइड पाणी धरतं, बोएमाइट नावाचं खनिज तयार होतं, त्याचं आकारमान वाढतं आणि छिद्रांची तोंडं मिटतात. खिडक्या-दारांच्या सेक्शनला हेच करतात. हार्ड कामाला मात्र सहसा करत नाहीत, कारण सील केलेली फिल्म झिजेला कमी टिकते. मला हे ठाऊक होतं. तरी डेबिट नोट समोर असली की माणूस ‘करून बघू’ म्हणतो.

मायक्रॉनला तीन मिनिटं या हिशेबाने पुढचा लॉट दोन तास उकळत्या पाण्यात ठेवला. वर पांढरट धूळ आली, ती बोअरमधून पुसता पुसता पोरांचे हात दुखले. गिऱ्हाइकाच्या टेस्ट रिगवर स्पूल पहिल्यापेक्षा लवकर घासले. आणि मिठाच्या फवाऱ्यात ठेवलेल्या नमुन्यांत पांढरे ठिपके पुन्हा उमटले. कमी, पण उमटले. छिद्रं मिटली होती, तर मीठ शिरत होतं कुठून?

मोरचूद

आमच्याकडे खानापूरचे एक वयस्क गृहस्थ आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. टँक सांभाळतात. तरुणपणी त्यांनी कुंभारकामात, चिनी मातीच्या ग्लेझवर काम केलेलं. खानापुरात त्या कामाची जुनी परंपरा आहे, कौलांचीही. परत आलेली एक बॉडी हातात फिरवत ते म्हणाले, “सर, लोणच्याच्या बरणीला जाळी पडती बघा, तसं काय तरी असणार हे. वरचं एक हिशेबानं हलतंय, आतलं दुसऱ्या.”

मी म्हटलं, जाळी असती तर भिंगात दिसली असती. मामा म्हणाले, बरणीची जाळीसुद्धा चहा मुरल्यावरच दिसते.

मग चहाच्या जागी आम्ही मोरचूद घेतला. द्राक्षबागेत फवाऱ्याला वापरतात तोच, कॉपर सल्फेट. ॲनोडाइज्ड फिल्म सलग आहे का ते तपासायला मोरचुदाच्या पाण्यात थोडं हायड्रोक्लोरिक ॲसिड घालून थेंब सोडायची जुनी रीत आहे. फिल्म सलग असेल तर थेंब निळाच राहतो. जिथे उघडं ॲल्युमिनियम भेटेल तिथे तांबं बसतं.

चार पीस निवडले. पहिला आमच्या टँकमधून काढून हवेवर वाळवलेला. दुसरा नेहमीप्रमाणे आमच्या ड्रायरमधून गेलेला. तिसरा उकळत्या पाण्यात सील केलेला. चौथा गिऱ्हाइकाच्या स्टोअरमधून आणलेला, निळा, जोडणीला तयार. चौघांच्या सपाट कडेवर एकेक थेंब टाकला, निळ्याचा रंग आधी पॉलिश पेपरने हलकेच घासून, आणि पाच मिनिटं थांबलो.

पहिला स्वच्छ. चौथ्यावर तिसऱ्या मिनिटालाच गुलाबी केसांसारख्या रेषा उमटायला लागल्या, एकीला दुसरी मिळत गेली आणि थेंबाच्या आकाराची तांबूस जाळी तयार झाली. तिसऱ्यावरही जाळी होती, विरळ. एवढं पाहून मी खूश झालो होतो, तेवढ्यात थेंब टाकणारा पोरगा दुसऱ्या पीसकडे बोट दाखवून म्हणाला, “सर, ह्याच्यावर बी येऊलाल्यात की रेषा.”

दोन-तीनच होत्या, कोपऱ्याजवळ. पण तो पीस फक्त आमच्या हातातून गेलेला होता.

भट्टी ऑक्साइडला नेमकं काय करते

निळ्या रंगाचा शोध त्याच संध्याकाळी लागला. आमच्या गिऱ्हाइकाच्या पुण्यातल्या मोठ्या गिऱ्हाइकाला बॉडी त्यांच्या ठरलेल्या रंगात हवी झाली होती, म्हणून ॲनोडायझिंगनंतर बोअरला बुचं मारून बाहेरून पावडर कोटिंग, म्हणजे कोरडी रंगाची पूड भट्टीत पिकवून बसवणं, सुरू केलं होतं, दोन गल्ल्या पलीकडच्या शॉपमध्ये. पावडर पिकायला जॉब १८० ते २०० अंशांवर दहा-वीस मिनिटं ठेवावा लागतो. बुचांनी पावडर अडवली. उष्णता कशी अडणार?

ॲल्युमिनियम तापलं की फुगतं: एक अंशाला दशलक्षात सुमारे २३ भाग. त्याच्यावरच उगवलेली ऑक्साइड फिल्म फुगते ती जेमतेम ५ भाग. एक मीटरची पट्टी कल्पनेत घ्या आणि २५ वरून १९० अंशांवर न्या. धातू ३.८ मिलिमीटर लांबेल, फिल्म स्वतःहून लांबली असती ०.८. मधले तीन मिलिमीटर फिल्मला ओढून-ताणून काढायचे, आणि ती काचेसारखी ठिसूळ. ती तडकते. त्यातून हार्ड फिल्म जन्मते तीच बर्फाच्या पाण्याएवढ्या थंडीत, म्हणजे शॉपच्या हवेत आली तेव्हाच थोडी ताणलेली असते. आमच्या धंद्यात ८० अंशांची रेघ सांगतात. त्यापुढे जाड फिल्मला भेगा पडायला सुरुवात होते असं धरून चालायचं. सीलिंगचं उकळतं पाणी या रेघेच्या वरच असतं. तिसऱ्या पीसची जाळी तिथूनच आली, आणि साहेबांनी सुचवलेला उपाय स्वतःच थोडा आजार होता.

फसवणूक अशी की जॉब थंड झाला की धातू आक्रसतो आणि भेगांची तोंडं परत मिटतात. गेज फिल्मची जाडी मोजतो, भेग नाही. हार्डनेसही जागेवर असते, कारण ६०६१ ला टी६ करताना १६०–१८० अंशांवर तासन्‌तास ठेवलेलंच असतं. त्याला पावडरच्या भट्टीतली वीस मिनिटं काहीच नाहीत. प्रत्येक तपासणीत जॉब पास. समुद्राकाठची ओल मात्र त्या मिटलेल्या भेगेत सहज शिरते, आणि मीठ घेऊन शिरते.

आमच्या मालकांचा यावर विश्वास बसेना. ते मूळचे टूलरूमचे. पोलाद भट्टीत घातलं की २२०–२३० अंशांना पेंढ्यासारखा पिवळा रंग येतो, ३०० च्या अलीकडे निळा, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं. “भट्टीत ऑक्साइड पक्कं होतं,” हे त्यांचं म्हणणं. पोलादाच्या बाबतीत ते चुकीचं नाही. तिथे ती बारीकशी फिल्म भट्टीतच, त्या तापमानालाच तयार होते. टायटॅनियमवर ॲनोडायझिंगने आणलेली फिल्म सुमारे ४५० अंशांना तापवली तर तिची विस्कळीत रचना स्फटिकात बसते, अॅनाटेज हे स्फटिकरूप घेते, आणि काही कामांना ते मुद्दाम करतात. ॲल्युमिनियमला ही सोय नाही. त्याच्या ॲनोडिक ऑक्साइडला स्फटिक व्हायला ८०० अंशांच्या वर जावं लागतं आणि धातू ६६० लाच वितळतो. म्हणजे जॉबवर असेपर्यंत या फिल्मला उष्णतेतून पक्केपणा मिळायची वेळच येत नाही. मिळतो तो ताण, आणि छिद्रांतलं पाणी थोडं उडून जातं. एवढं कागदावर काढून दाखवलं तेव्हा मालक म्हणाले, “म्हणजे जन्म कुठल्या तापमानाला झाला ते बघायचं.” मला इतकं सोपं सांगता आलं नव्हतं.

गंमत अशी की ॲनोडायझिंगचा पहिला धंदेवाईक उपयोग समुद्रासाठीच झाला. १९२३ मध्ये ब्रिटनमध्ये बेंगो आणि स्टुअर्ट यांनी क्रोमिक ॲसिडची पद्धत काढली, ती पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचं ड्युरॅल्युमिन (ॲल्युमिनियमचा मिश्रधातू) खाऱ्या पाण्यापासून वाचवायला. आम्ही शंभर वर्षांनी त्याच खाऱ्या हवेकडून मार खात होतो.

सांगायचं की नाही

सगळ्यात अवघड निर्णय तांत्रिक नव्हता. चौथ्या पीसची जाळी दाखवली असती तर डेबिट नोट तिथेच फाटली असती: चूक पावडर कोटिंगची, आमचा संबंध नाही. दुसऱ्या पीसवरच्या तीन रेषा कुणी मागितल्याही नसत्या.

त्या रेषा आमच्या ड्रायरच्या होत्या. तो ११० अंशांवर लावलेला होता. का, ते कुणालाच आठवेना. बहुधा एखाद्या पावसाळ्यात जॉब लवकर वाळेनात म्हणून कुणीतरी काटा फिरवला आणि तो तिथेच राहिला. साध्या १५ मायक्रॉनच्या कामाला फरक पडला नसेल, पण ४० मायक्रॉनच्या, दोन अंशांच्या बाथमधून निघालेल्या फिल्मला ११० अंश पुरेसे होते.

मालकांचा कल गप्प बसण्याकडे होता, आणि त्यांना दोष देववत नाही. अशा एका डेबिटमध्ये लहान शॉपचा महिन्याचा नफा जातो. माझं म्हणणं वेगळं होतं. उद्या पावडर बंद होऊनही एखादी बॉडी गोव्याहून परत आली, तर तेव्हा आमच्यावर विश्वास कोण ठेवणार? दोन दिवस वाद झाला. शेवटी चारही पीस डब्यात घालून आम्ही दोघे गेलो आणि चारही दाखवले. क्वालिटीवाले साहेब दुसरा पीस बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “हा तुम्ही आणला नसता तर मला कळलंच नसतं.” मग पाण्याचा ग्लास पुढे केला. नुकसान निम्मं-निम्मं वाटून घ्यायचं ठरलं.

समोर असलेले पर्याय

आधी पावडर, मग ॲनोडायझिंग, असा उलटा क्रम सगळ्यांना पहिल्यांदा सुचला. कागदावर छान दिसतो. पण आमच्या लाइनमध्ये ॲसिडच्या आधी कॉस्टिकचं एचिंग, म्हणजे कॉस्टिक सोड्याने पृष्ठभाग थोडा खाऊन साफ करणं, आहे. ते पावडरच्या कडा उचलतं आणि उचललेल्या कडेखाली ॲसिड अडकून बसतं. दोन पीस करून बघितले, कडेने रंग सोलला. पर्याय बाद.

पावडर कमी तापमानाची घ्यायची, हे पावडरवाल्यांनी सुचवलं. पण ती १४० ला पिकली काय नि १८० ला, ८० ची रेघ दोन्हीकडे मागेच राहते. फिल्म पातळ करणं, म्हणजे ४० ऐवजी २०, हा बरा मार्ग होता. पातळ फिल्म जास्त ताण सोसते. पण बोअरचं आयुष्य त्या जाडीवर ठरवलेलं आणि ड्रॉइंग पुण्याचं. ते बदलायला महिने लागले असते.

बाहेरचा रंग पावडरऐवजी दोन डब्यांच्या पॉलियुरेथेन पेंटने द्यायचा, जो हवेवर किंवा फार तर ६० अंशांवर वाळतो, हा महाग पण सरळ पर्याय होता. जोडीला कोल्ड सीलिंग. त्यात निकेल फ्लोराइडचं द्रावण २५–३० अंशांवर छिद्रं बंद करतं, जॉबला उकळावं लागत नाही. झिजेचा प्रश्न तिथेही उरतो, म्हणून आधी रिगवर चालवून बघायचं.

राहिला प्रश्न आधीच जाळी पडलेल्या, स्टोअरमध्ये पडून असलेल्या बॉड्यांचा. फिल्म काढून नवीन करा, असं सांगणारे भेटतात. फॉस्फोरिक-क्रोमिक ॲसिडमध्ये ऑक्साइड विरघळतं, धातूला धक्का लागत नाही, हे खरं. पण फिल्ममध्ये गेलेले २० मायक्रॉन परत थोडेच येतात? बोअर दोन्ही बाजूंनी मिळून ४० मायक्रॉन मोठा होतो आणि स्पूल त्यात हलायला लागतो. सपाट झाकणाला चालेल, बोअरला नाही.

काय केलं, काय झालं

पावडर बंद करून पॉलियुरेथेन आणला. रंगाची छटा पुण्याला पटवायला तीन नमुने गेले. कोल्ड सीलिंगचा लहान टँक लावला. रिगवर बोअर थोडे जास्त झिजले, पण गिऱ्हाइकाच्या मर्यादेत. आमचा ड्रायर ६० वर आणला, काट्यावर पत्र्याची टोपी बसवून कुलूप घातलं. कानडीत आणि मराठीत दोन्ही पाट्या लावल्या, कारण रात्रपाळीला कधी हा असतो, कधी तो.

जाळीच्या बॉड्यांपैकी ज्या कोरड्या जागेत, घाटमाथ्यावरच्या मशिनरीत जायच्या होत्या त्या लेखी संमती घेऊन, बोअरला तेल लावून दिल्या. समुद्राकडच्या भंगारात गेल्या. भंगाराच्या पोत्यांकडे बघवत नव्हतं.

नव्या पद्धतीच्या बॉड्यांनी पुढचा पावसाळा समुद्राकाठी काढला. एक परत आली, तिचा ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी) कापलेला होता; बोअर स्वच्छ निघाला. प्रत्येक लॉटमधून एका पीसवर मोरचुदाचा थेंब टाकणं आता मामांचं काम आहे. त्यांना ते आवडतं.

पुन्हा करायचं झालं तर

निळी बॉडी पहिल्यांदा हातात आली तेव्हाच मी फोन करून विचारलं असतं, हा रंग कुठे दिला, किती अंशांना. दोन मिनिटांचा फोन होता. त्याऐवजी मी जे मोजता येत होतं तेवढंच मोजलं आणि निश्चिंत झालो.

उकळत्या पाण्याच्या सीलिंगला ‘हो’ म्हणण्याआधी एकच पीस करून बघायला हवा होता, आख्खा लॉट नव्हे. ती घाई फक्त माझी. आणि पावडरवाल्यांना आम्ही शेवटी विचारलं. खरं तर भट्टीच्या जॉबमध्ये काय काय होतं हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त दिसतं. त्यांच्याकडचा एक पोरगा नंतर म्हणाला की गरम जॉब बाहेर काढताना ‘टिक टिक’ असा बारीक आवाज त्याने कितीदा ऐकला होता. फिल्मचा होता की हँगरचा, देव जाणे, पण विचारलं तर होतं कुणी?

गिऱ्हाइकाच्या चलनावर आता एक जादा रकाना आहे: ‘यानंतर कमाल तापमान’. बहुतेक वेळा तो रिकामाच येतो आणि आम्ही जॉब उतरवून घेण्याआधी फोन करतो. गेल्या महिन्यात दुसऱ्याच एका गिऱ्हाइकाचा नवा जॉब आला, आत मॅग्नेट चिकटवायचा आहे म्हणे, रकान्यात लिहिलंय १५०. जॉब रॅकवर पडून आहेत. त्यांचे साहेब सोमवारी येणार आहेत, मामांनी मोरचुदाची बाटली भरून ठेवली आहे.